घराची उष्णता कोणी मोजायची?



बाहेरच्या हवेचे तापमान शून्य अंश सेल्सिअस आहे. गवतावरचे दव गोठून पांढरे झाले आहे. अशा हवेतून उष्णता काढायची आणि तिने घर ऊबदार करायचे, असे कोणी म्हणाले तर तुम्ही हसाल. शून्य अंशाला कसली आली उष्णता? पण हे शून्य आपण पाण्याच्या गोठण्यावरून ठरवलेले आहे. निसर्गाचे खरे शून्य त्याच्याही खाली २७३ अंशांवर आहे. तेथवर जाईपर्यंत हवेत उष्णता असतेच असते. अडचण एवढीच, की ती थंड जागेकडून उबदार जागेकडे आपण होऊन जात नाही. विहिरीतले पाणी आपोआप गच्चीवरच्या टाकीत चढत नाही, त्याला पंप लावावा लागतो, तसेच हे. म्हणूनच या यंत्राला उष्णता-पंप म्हणतात.

हा पंप तुम्ही रोज पाहता. घरातल्या फ्रीजच्या मागच्या जाळीला किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून पाहा. तो कोमट लागतो. आतल्या भाज्यांतली उष्णता उपसून फ्रीज ती स्वयंपाकघरात टाकत असतो. आता असे समजा, की फ्रीजचे दार काढून तो तोंडाशी भिंतीत बसवला आणि त्याचे तोंड अंगणाकडे केले. तो अख्खे अंगण थंड करू पाहील आणि त्याची पाठ घर तापवत राहील. हाच हवेवर चालणारा उष्णता-पंप. त्याच्या नळ्यांतून जे द्रव्य फिरते ते फार थोड्या उष्णतेने उकळणारे असते. नव्या यंत्रांत पुष्कळदा प्रोपेन असतो. साध्या दाबाखाली तो उणे ४२ अंशांनाच उकळतो, तेव्हा शून्य अंशाची हवा त्याच्या दृष्टीने चुलीसारखी गरमच! हवेच्या उष्णतेने त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्यामुळे ती तापते, आणि घरातल्या पाण्याला आपली उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होते. वीज खर्ची पडते ती मुख्यतः या दाबण्यासाठी. एक युनिट वीज घालून तीन-चार युनिट उष्णता मिळते ती याचमुळे. यात जादू नाही. उरलेली दोन-तीन युनिटे बाहेरच्या हवेने दिलेली असतात.

कल्पना जुनी आहे. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञ, याने १८५२ सालीच अशा रीतीने इमारती गरम किंवा थंड करता येतील असे मांडले होते. १९४५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात जॉन समनर या विद्युत अभियंत्याने नगरपालिकेच्या वीजखात्याच्या इमारतीसाठी उष्णता-पंप उभारला. युद्धकाळची टंचाई होती, म्हणून त्याने जुनी वापरलेली यंत्रसामग्री जमवली. उष्णता घेतली ती हवेतून नव्हे, तर जवळच्या वेन्सम नदीच्या पाण्यातून. पण मला समनरचे कौतुक वाटते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्याने वीज किती गेली आणि उष्णता किती मिळाली याची नोंद ठेवली. एका युनिट विजेमागे जवळपास साडेतीन युनिट उष्णता, असे त्याचे उत्तर आले. यंत्र बसवणारे पुष्कळ असतात, मोजणारे थोडे.

आज त्याच ब्रिटनमध्ये या यंत्रावरून बराच वाद चालू आहे. तेथील दोन कोटींहून अधिक घरे नैसर्गिक वायू जाळणाऱ्या बॉयलरने गरम होतात. बॉयलर पाणी तापवतो आणि ते पाणी नळांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरते. वायूचे हे जळण कमी व्हावे म्हणून मे २०२२ मध्ये इंग्लंड व वेल्ससाठी सरकारने एक योजना काढली. बॉयलर काढून उष्णता-पंप बसवणाऱ्याला ५,००० पौंड अनुदान. ऑक्टोबर २०२३ पासून ते ७,५०० पौंड झाले. मात्र अट अशी, की यंत्र प्रमाणपत्रधारक कारागिरानेच बसवलेले असले पाहिजे. काही हौशी आणि हुशार माणसे म्हणतात, नको ते अनुदान, आम्ही आमचे बसवतो. जाणकार म्हणतात, हे तुमचे काम नव्हे, हात लावू नका.

मला दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या वाटतात. नळ कोणी जोडायचा हा पुढचा प्रश्न आहे. घराला केवढे यंत्र हवे, हे ठरवणारे गणित मात्र घरात राहणाऱ्याने स्वतः केलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते गणित गुणाकार-बेरजेच्या पलीकडे जात नाही. तुमच्यापैकी कोणालाही येईल. करूनच पाहू या.

लंडनच्या आसपासचे एक दुमजली घर घ्या. त्याची एक भिंत शेजारच्या घराला चिकटलेली आहे. ती मोजायची नाही, कारण तिच्या पलीकडेही माणसे ऊबेतच राहतात. हिवाळ्यातल्या कडक थंडीसाठी बाहेरचे तापमान उणे २ अंश धरू, आणि आत २१ अंश हवेत. फरक झाला २३ अंशांचा. आता प्रत्येक भिंतीतून, खिडकीतून, छतातून उष्णता बाहेर झिरपते. एक चौरस मीटर जागेतून, एका अंशाच्या फरकाला, किती वॉट उष्णता झिरपते या आकड्याला आपण गळतीचा अंक म्हणू. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती दुहेरी विटांच्या असतात, मध्ये पोकळी. पोकळी रिकामी असेल तर हा अंक सुमारे १.५ असतो, तिच्यात उष्णतारोधक तंतू किंवा मणी भरले तर ०.५ च्या जवळ येतो.

आमच्या घराच्या बाहेरच्या भिंती ८० चौरस मीटर आहेत आणि पोकळी रिकामी आहे. ८० गुणिले १.५ म्हणजे १२०. दुहेरी काचेच्या खिडक्या १६ चौरस मीटर, अंक २, म्हणजे ३२. छत ४५ चौरस मीटर, वर जाड लोकर अंथरलेली, अंक ०.२, म्हणजे ९. जमीन तेवढीच, अंक ०.६, म्हणजे २७. शिवाय फटींतून आणि दारांतून हवा बदलत असते. दोन्ही मजले मिळून घरात २१६ घनमीटर हवा आहे. ती तासाला एकदा पूर्ण बदलते असे धरले, तर एका अंशामागे आणखी ७१ वॉट जातात. सगळी बेरीज २५९ वॉट, एका अंशाला. तिला २३ ने गुणा. उत्तर ५,९५७ वॉट, म्हणजे सहा किलोवॉट.

आता फक्त भिंतींची पोकळी भरा आणि गणित पुन्हा करा. १२० च्या जागी ४० येतात, बेरीज १७९ होते आणि उत्तर सुमारे ४.१ किलोवॉट येते. घर तेच, थंडी तीच, पण यंत्र तीनास दोन या प्रमाणात लहान झाले. गणित आधी करायचे ते एवढ्यासाठी. यंत्र आणून बसवल्यावर पोकळी भरली, तर मोठ्या यंत्राचे पैसे गेले ते गेलेच.

तुम्ही म्हणाल, पण या घरातला जुना बॉयलर तर २४ किलोवॉटचा होता! मग चार किलोवॉटमध्ये कसे भागेल? ब्रिटनमधली माणसेही हाच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. तो बॉयलर घरासाठी तेवढा मोठा नव्हताच, तो आंघोळीसाठी तेवढा मोठा होता. मिनिटाला १२ लिटर पाणी १० अंशांपासून ४० अंशांपर्यंत चटकन तापवायचे तर २५ किलोवॉट लागतात. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.२ घेऊन ताळा करून पाहा. उष्णता-पंप घाई करत नाही. तो एका टाकीत सावकाश पाणी तापवून ठेवतो. तेव्हा जुन्या बॉयलरच्या पाटीवरचा आकडा पाहून तेवढाच पंप मागवणे म्हणजे पाहुणे आले त्या दिवशीच्या पातेल्यात रोज दोघांचा भात शिजवणे.

गळतीच्या अंकांवर तुमचा विश्वास बसत नाही? बसू नयेच. भिंतीच्या आत काय आहे ते कोणी पाहिले आहे? म्हणून दुसऱ्या वाटेने ताळा करायचा, आणि माझ्या मते ही वाट पहिलीपेक्षा अधिक खात्रीची आहे. थंडीच्या दिवशी सकाळी वायूच्या मीटरवरचा आकडा लिहून ठेवा, चोवीस तासांनी पुन्हा पाहा. समजा, पोकळी भरलेल्या आपल्या घरात एका दिवसात ९ घनमीटर वायू जळला. एका घनमीटरात सुमारे ११ युनिट उष्णता असते. म्हणजे ९९ युनिटे. बॉयलर त्यातली ८५ टक्के घरात आणतो असे धरू, झाली ८४. आंघोळ आणि भांडी यांची ४ वजा करा. ८० युनिटांना २४ तासांनी भागले तर ३.३ किलोवॉट. त्या दिवशी बाहेर सरासरी २ अंश होते आणि आत दिवसरात्र २१, म्हणजे फरक १९ अंशांचा. एका अंशाला १७५ वॉट आले. भिंती मोजून आपल्याला १७९ आले होते! उणे २ अंशांसाठी हिशोब केला तर उत्तर चार किलोवॉट. दोन निरनिराळ्या वाटांनी गेलेला माणूस एकाच ठिकाणी पोचला, तर रस्ता बरोबर आहे असे समजायला हरकत नाही. दोन उत्तरांत दुपटीचा फरक आला, तर कोठेतरी खिडकीची फट किंवा चुकीचा अंक लपला आहे. तो सापडेपर्यंत यंत्राची किंमतही विचारू नये.

आपल्याकडे हे यंत्र कोणी घर गरम करायला फारसे आणत नाही, पण त्याचे भावंड मात्र गावोगाव पोचले आहे. ते म्हणजे एअर कंडिशनर. तोही उष्णता-पंपच, फक्त तोंड उलट दिशेला. जळगाव-नागपूरच्या उन्हाळ्यात तो घ्यायला दुकानात गेलात, तर विक्रेता खोलीचे चौरस फूट विचारतो आणि लगेच सांगतो, एक टन, नाही तर दीड टन. हा टन वजनाचा नव्हे. ९०७ किलोग्रॅम बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी उपसण्याची ताकद म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॉट. खोलीला पश्चिमेची भिंत आहे का, डोक्यावर तापलेला स्लॅब आहे की वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड, यातले काही तो विचारत नाही. केवळ चौरस फुटांवरून ठरवलेले हे माप मला शिंप्याने फक्त उंची विचारून सदरा बेतण्यासारखे वाटते.

मोठे घेतले तर बिघडले कुठे, असाही एक प्रश्न नेहमी येतो. थंडीत कमी पडण्यापेक्षा जास्त बरे! पण कडक थंडीचे दिवस थोडे असतात. वर्षातले बरेचसे दिवस बाहेर ८-१० अंश असतात आणि आपल्या घराला दोन किलोवॉटही पुरतात. बारा किलोवॉटचे यंत्र आपला वेग कमी करून करून साधारण तीन-चार किलोवॉटपर्यंत उतरते, त्याखाली त्याला जाता येत नाही. मग ते थोडा वेळ चालते, बंद पडते, पुन्हा चालते. प्रत्येक वेळी सुरू होताना वीज वाया जाते आणि कॉम्प्रेसर झिजतो. लहान घेणेही चूकच. ऐन थंडीत साध्या विजेच्या शेगडीची जोड द्यावी लागते. आणखी एक खाचखळगा ध्यानात ठेवा. यंत्राच्या पाटीवरची ताकद पुष्कळदा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश अशा सोयीच्या स्थितीतली असते. उणे २ अंशांना, ५० अंशांचे पाणी देताना ती कमी होते. कारखान्याच्या तक्त्यात ती ओळ शोधायची आणि मगच तुलना करायची.

आता पाण्याच्या तापमानाकडे वळू, कारण सगळा पैसा तेथे आहे. उष्णता किती अंश वर चढवायची यावर पंपाचे श्रम ठरतात. शून्य अंशाच्या हवेतून ३५ अंशांचे पाणी करायचे असेल, तर निसर्गनियमाने मिळू शकणारी जास्तीत जास्त पट ३०८ भागिले ३५, म्हणजे ८.८. पाणी ५५ अंशांचे हवे असेल तर ३२८ भागिले ५५, म्हणजे जेमतेम ६. खरी यंत्रे याच्या निम्म्याच्या आसपास पोचतात. ब्रिटनमध्ये २०२४ साली विजेचे एक युनिट वायूच्या युनिटाच्या साधारण चौपट महाग होते. ८५ टक्के कार्यक्षम बॉयलरशी बरोबरी करायची तर पंपाने एका युनिटाची ३.४ युनिटे केली पाहिजेत. चारपट केली तर खर्च १५ टक्क्यांनी उतरतो, २.८ पट केली तर २० टक्क्यांहून अधिक चढतो. एकाच कारखान्याचे एकच यंत्र, एका घरात बचत करते आणि शेजारी घरखर्च वाढवते! मग तो शेजारी सर्वांना सांगत सुटतो, की उष्णता-पंप थंड देशात चालत नाही. नॉर्वेत निम्म्याहून अधिक घरांत तो चालतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

पाणी कमी तापमानाचे ठेवायचे तर रेडिएटर पुरेसे मोठे हवेत. त्यांच्या यादीतली ताकद पाणी खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम धरून सांगितलेली असते. फरक २५ अंशांवर आला, की ताकद निम्मी नव्हे, सुमारे ४० टक्केच उरते. हजार वॉटचा रेडिएटर चारशेचा होतो. मग सगळे बदलायचे का? हेही अंदाजाने ठरवू नये. जुना बॉयलर काढण्याआधीच, थंडीच्या आठवड्यात, त्याचे पाणी ५० अंशांवर आणून ठेवावे आणि प्रत्येक खोलीत तापमापक टांगावा. जी खोली गारठेल तिचाच रेडिएटर बदलायचा. या प्रयोगाला एक पैसा लागत नाही. अनुदानाच्या कामातही प्रत्येक खोलीचा उष्णतेचा हिशोब मांडावाच लागतो. घरमालकाने तो कागद मागून घ्यावा आणि आपल्या वहीशी ताडून पाहावा. जो कारागीर तो कागद दाखवायला टाळाटाळ करील, त्याला काम देऊ नये.

आता हाताने बसवण्याविषयी. यंत्रे दोन तऱ्हेची असतात. एकीत प्रशीतक द्रव्य बाहेरच्या पेटीतच कारखान्यातून बंदिस्त होऊन येते आणि घरात फक्त पाण्याचे नळ जातात. दुसरीत प्रशीतकाच्या तांब्याच्या नळ्या जागेवर जोडाव्या लागतात. या दुसऱ्या तऱ्हेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिनयुक्त वायूंना प्रमाणपत्राशिवाय हात लावणे ब्रिटनमध्ये बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. हे वायू गळाले तर वातावरण तापवण्यात ते कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट जबर ठरतात. बंदिस्त पेटीतला प्रोपेन त्या बाबतीत निरुपद्रवी, पण तो पेट घेतो आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. म्हणून ती पेटी गटाराच्या तोंडाजवळ, तळघराच्या खिडकीजवळ ठेवत नाहीत. जुन्या बॉयलरचा वायू तोडणे हे नोंदणीकृत माणसाचे काम आणि विजेची नवी जोडणी विद्युत कारागिराची. या दोन ठिकाणी हौस नको.

बाकी उरते ते मात्र कष्टाळू माणसाला जमण्यासारखे आहे. पेटीसाठी सपाट भक्कम ओटा, खाली रबराचे पाय, समोर मोकळी हवा. कोपऱ्यात दडपून ठेवली तर ती आपणच सोडलेली गार हवा पुन्हा ओढत बसते. शेजाऱ्याच्या झोपायच्या खिडकीसमोर ती नसावी हे सांगायला नकोच. ब्रिटनची हवा दमट, त्यामुळे शून्याच्या आसपास पेटीच्या पत्र्यांवर हिम धरते. यंत्र काही मिनिटे उलटे फिरून ते वितळवते आणि खाली भरपूर पाणी पडते. त्या पाण्याला खडी भरलेला खड्डा काढून दिला नाही, तर ते पायवाटेवर जाऊन गोठते आणि सकाळी दूधवालाच घसरतो! बाहेरच्या नळांवर जाड आवरण हवे. जुन्या रेडिएटरमधला काळा लोखंडी गाळ नवीन यंत्र जोडण्यापूर्वी धुऊन काढावा लागतो. काम घाणेरडे आहे, पण बुद्धीला फार ताण नाही.

यंत्र सुरू झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात रोज तीन आकडे लिहावेत. बाहेरचे तापमान, यंत्राने खाल्लेली वीज आणि उष्णतेच्या मीटरवरची उष्णता. तिसऱ्याला दुसऱ्याने भागायचे. उत्तर तीनच्या खाली रेंगाळू लागले, तर कारागिराला बोलावण्याआधी पाण्याचे तापमान दोन अंशांनी उतरवून पाहावे, आणि दोन दिवस थांबून पुन्हा भागाकार करावा.